‘मला कळलंच नाही’

२००८ सालचा उन्हाळा अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या पिढीला दोन सिनेमांमुळे लक्षात राहिला आहे. २ मेला ‘आयर्न मॅन’ आला आणि १८ जुलैला ‘द डार्क नाईट’. मी तेव्हा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात कंट्रोल सिस्टिम्स या विषयात पीएच.डी. करत होतो. म्हणजे दिवसा लॅबमध्ये बसून गाईडची नजर चुकवत होतो आणि रात्री पिठलं-भात खाऊन रूममेटशी वाद घालत होतो. हा रूममेट सोलापूरचा. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात चूक माझी असली तरी नाव त्याचं व्हायचं. त्याला आपण सोलापूरकर म्हणू.

सोलापूरकर आयर्न मॅनचा भक्त आणि मी बॅटमॅनचा. ज्या वाचकांची या देवळांशी ओळख नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन कॉमिक्सची दोन मोठी घराणी आहेत. एक मार्व्हलचं, ज्यात आयर्न मॅन, स्पायडरमॅन वगैरे मंडळी येतात. दुसरं डीसीचं, ज्यात सुपरमॅन आणि बॅटमॅन. आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांसारखंच इथेही आहे: गाणारे एकमेकांना मनातून मानत असतात, पण ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नसतात.

तर त्या ऑगस्ट महिन्यात आयर्न मॅनचं काम करणारा नट रॉबर्ट डाउनी ज्युनिअर एका मुलाखतीत ‘द डार्क नाईट’बद्दल बोलला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनचा आधीचा ‘द प्रेस्टिज’ त्याला फार आवडला होता. पण हा सिनेमा बघून आपण मठ्ठ आहोत असं वाटलं. त्यात काय झालं ते अजून सांगता येत नाही, नायकाचं काय झालं ते कळलं नाही आणि शेवटी नायकालाच वाईट माणूस ठरवायची त्यांना काय गरज पडली तेही कळलं नाही. हा सिनेमा इतका उच्च आणि इतका हुशार आहे की तो समजायला कॉलेजात शिकलेलं असावं लागतं. एवढं बोलून त्याने डीसी कॉमिक्सला उद्देशून एक इंग्रजी शिवी हासडली. तिचं मराठीकरण छापण्याचा प्रसंग मी आपल्या संपादकांवर आणत नाही.

त्या दिवशी मला जो राग आला तो आज सतरा-अठरा वर्षांनी हास्यास्पद वाटतो. पण तेव्हा तो खरा होता. ‘द डार्क नाईट’ मी तोवर दोनदा पाहिला होता, त्यातला एकदा आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर. जोकरचं काम करणारा हीथ लेजर त्याच वर्षी २२ जानेवारीला अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला होता, त्यामुळे तो सिनेमा बघताना थिएटरात एक वेगळीच शांतता असायची. अशा सिनेमाला कुणी ‘कळला नाही’ म्हणून उडवून लावावं, आणि तेही प्रतिस्पर्ध्याने? सोलापूरकर मात्र खूश. तो म्हणाला, “अरे, खरं बोलला की तो. मलाही कळला नव्हता. तुम्ही सगळे माना डोलवत होता म्हणून गप्प बसलो.” त्यावर मी त्याला म्हणालो, “तुझ्यासारख्यांसाठीच ‘आयर्न मॅन’ काढतात.”

हे वाक्य मी ज्या स्वरात बोललो तो स्वर लिहून दाखवता येत नाही. सोलापूरकर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, मग वालचंदमधून इंजिनिअर होऊन इथवर आला होता. इंग्रजी बोलताना तो जरा अडखळायचा. मी पुण्याचा. वाक्याचा अर्थ दोघांनाही बरोबर कळला. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

आता त्या रागाची छाननी करू. चाहत्यांनी डाउनीला जी उत्तरं दिली, आणि मीही दिली, ती मुख्यतः तीन होती. पहिलं उत्तर म्हणजे मत्सर. ‘आयर्न मॅन’ने जगभरात सुमारे ५८.५ कोटी डॉलर मिळवले आणि ‘द डार्क नाईट’ने त्याहून बरेच जास्त, तेव्हा याच्या पोटात दुखलं. दुसरं उत्तर, त्याला अक्कल नाही. तिसरं, नुकत्याच गेलेल्या नटाच्या सिनेमाबद्दल असं बोलणं शोभत नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो कारण ते सोपं आहे. डाउनीच्या त्या बोलण्यात लेजरच्या अभिनयावर टीका नव्हतीच. तक्रार कथेबद्दल होती. मृत्यूची ढाल आम्ही पुढे केली, त्याने त्यावर वार केला नव्हता. दुसरं उत्तर तर उत्तरच नव्हे. ‘मला कळलं नाही’ म्हणणाऱ्याला ‘कारण तू ढ आहेस’ म्हणणं हा शाळेतला प्रकार झाला. राहिला मत्सर. तो असेलही. मार्व्हलने २००५ साली आपल्या काही पात्रांचे सिनेमाचे हक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरची पतव्यवस्था मिळवली होती आणि स्वतः सिनेमे काढायला सुरुवात केली होती. ‘आयर्न मॅन’ हा त्यातला पहिला. डाउनी स्वतः व्यसनापायी तुरुंगात जाऊन आलेला, त्याच्यासाठी ही भूमिका म्हणजे कारकिर्दीचा दुसरा जन्म. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या घराण्याने सगळं आकाश व्यापून टाकलं, तर माणसाला वाईट वाटणारच. पण बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध नसला म्हणून त्याचं बोलणं खोटं ठरत नाही. शेजारच्या दुकानदाराने हेव्यापोटी सांगितलं की तुमच्या छपराला भोक आहे, तरी वर बघावं लागतंच.

वर बघायला मला भाग पाडलं ते माझ्या गाईडने, आणि तेही नकळत. त्याच सप्टेंबरात माझा पहिला शोधनिबंध एका जर्नलकडून परत आला. परीक्षकाने लिहिलं होतं की तिसऱ्या विभागानंतर लेखकाला काय म्हणायचं आहे ते मला समजलं नाही. मी तणतणत गाईडकडे गेलो. म्हटलं, हा परीक्षक नक्की प्रतिस्पर्धी लॅबमधला आहे, त्याला विषयच कळत नाही. गाईडने कागद वाचला आणि शांतपणे सांगितलं की असेल प्रतिस्पर्धी, म्हणूनच त्याने इतकं लक्ष देऊन वाचलं, आणि ज्याने लक्ष देऊन वाचलं त्याला समजलं नाही तर ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. आधी पाहा तो कुठे अडखळला, मग ठरव चूक कुणाची.

मी विभाग तीन पुन्हा लिहिला. आणि मग एका शनिवारी, स्वस्तातल्या थिएटरात ‘द डार्क नाईट’ अजून लागला होता तिथे, वही घेऊन गेलो. डाउनी कुठे अडखळला ते शोधायला.

पहिली गोष्ट ही दिसली की अडखळायला जागा आहेत. जोकर म्हणतो की आपण योजना आखणारे नव्हे, पण त्याची प्रत्येक योजना सेकंदाच्या काट्यावर चालते. पहिल्याच प्रसंगात तो बँक लुटून शाळेच्या बसमधून निघतो तेव्हा बाहेर नेमकी शाळेच्या बसचीच रांग चाललेली असते. पुढे तो स्वतःला पकडवून घेतो. त्याच पोलीस ठाण्यात त्याला हवा असलेला हिशेबनीस असतो, शेजारच्या कोठडीत पोटात बॉम्ब शिवलेला माणूस असतो, आणि तेवढ्यातच शहराच्या दोन टोकांना हार्वी डेंट आणि रेचल यांना बांधून ठेवलेलं असतं. यातली एक कडी पाच मिनिटं उशिरा आली असती तर सगळं फसलं असतं. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत या यंत्रात टॉलरन्स शून्य आहे. असं यंत्र कागदावर चालतं, कारखान्यात चालत नाही.

त्याहून ठळक जागा मेजवानीच्या प्रसंगात आहे. जोकर ब्रूस वेनच्या घरी घुसतो आणि रेचलला खिडकीतून खाली सोडतो. बॅटमॅन तिच्यामागे उडी घेऊन तिला वाचवतो आणि प्रसंग तिथेच संपतो. पण वर दिवाणखान्यात जोकर, त्याचे गुंड आणि घाबरलेले पाहुणे तसेच उभे आहेत, त्यांचं काय झालं? सिनेमा सांगतच नाही. पहिल्या दोन्ही वेळी मला हा प्रश्न पडला नव्हता. पार्श्वसंगीत आणि वेग यांनी मला पुढे ओढून नेलं होतं. म्हणजे ‘काय झालं ते सांगता येत नाही’ ही तक्रार निदान या ठिकाणी शब्दशः खरी होती.

नायकाबद्दलची तक्रारही नटाच्या जागी उभं राहून पाहिली की पटते. नट विचारतो, माझ्या पात्राचं काय होतं? ‘द डार्क नाईट’मध्ये ज्याचं काही होतं तो डेंट आहे. सरळ वकिलाचा तो खुनी होतो. ज्याच्याकडून सगळं घडतं तो जोकर. बॅटमॅन मधोमध धावत राहतो. क्रिश्चन बेल चांगला नट आहे, पण त्याच्या वाट्याला प्रसंग फार आणि वळणं थोडी आली आहेत.

आता ‘आयर्न मॅन’ आठवा. टोनी स्टार्क गुहेत कैदी आहे. यिन्सेन नावाच्या सहकैद्याच्या मदतीने तो क्षेपणास्त्रांच्या भंगारातून पहिलं चिलखत घडवतो. घरी परत आल्यावर बुटांची चाचणी दहा टक्के शक्तीवर घेतो तरी मागच्या भिंतीवर जाऊन आपटतो. पुढे उंच उडताना चिलखतावर बर्फ साचतं आणि तो कोसळता कोसळता वाचतो. शेवटच्या लढाईत हाच बर्फाचा दोष शत्रूच्या चिलखतात उरलेला असतो आणि स्टार्क त्याचा फायदा घेतो. आधी दोष सापडला, मग तो दुरुस्त केला, मग तोच उपयोगी पडला. प्रयोगशाळेत दिवस काढलेल्या माणसाला याचा आनंद समजावून सांगावा लागत नाही. जेफ ब्रिजेसने पुढे सांगितलं आहे की पटकथा नीट तयार नसतानाच चित्रीकरण सुरू झालं आणि संवाद आयत्या वेळी ठरत होते. तरीही सिनेमा आरशासारखा स्वच्छ आहे, कारण प्रत्येक क्षणी मधला माणूस काय करू पाहतोय ते दिसतं. सोलापूरकरला हे पहिल्यांदाच दिसलं होतं. मला तिसऱ्या फेरीला, वही घेऊन बसल्यावर दिसलं.

मग डाउनी पूर्ण बरोबर होता का? नाही. शेवटाबद्दल तो चुकला, आणि त्याची चूकच मला सर्वांत मोलाची वाटते.

सिनेमाच्या अखेरीस डेंटने खून पाडलेले असतात. ते उघड झालं तर त्याने तुरुंगात धाडलेले शेकडो गुन्हेगार सुटतील आणि शहराचा चांगुलपणावरचा विश्वास उडेल. म्हणून बॅटमॅन ते खून स्वतःच्या माथी घेतो आणि कुत्री मागे लागलेली असताना पळत सुटतो. या शेवटाची तयारी पहिल्या अर्ध्या तासात होते. जेवणाच्या टेबलावर डेंट प्राचीन रोमची गोष्ट काढतो, संकटकाळी एकाच माणसाच्या हाती सत्ता देण्याची. रेचल त्याला सीझरची आठवण करून देते. पुढे डेंट पत्रकारांसमोर ‘मीच बॅटमॅन’ असं खोटं सांगून दुसऱ्याचा आळ आपल्यावर घेतो. शेवटी बॅटमॅन तीच परतफेड करतो. म्हणजे वाईट माणूस ठरण्याची गरज का पडली, याचं उत्तर सिनेमात आहे.

मग डाउनीसारख्या तल्लख नटाला ते का दिसलं नाही? मला वाटतं, त्याच उन्हाळ्यात तो स्वतः नेमका उलटा शेवट करून आला होता. ‘आयर्न मॅन’च्या शेवटी टोनी स्टार्कच्या हातात खोटं निवेदन दिलेलं असतं. तो ते बाजूला ठेवतो आणि पत्रकारांना सांगून टाकतो की आयर्न मॅन मीच. सिनेमा तिथेच संपतो. एकाच उन्हाळ्यात एक नायक मुखवटा काढून खरं बोलतो आणि दुसरा मुखवट्याआड राहून खोटा आळ पत्करतो. ज्याने पहिला शेवट जीव ओतून केला त्याला दुसरा अनाकलनीय वाटला, यात नवल ते काय? ‘कळलं नाही’ या शब्दांत त्याने न बोललेलं मत असं होतं की लोकांना खोटं सांगून वाचवू नका. हे मत टाकाऊ नाही. खुद्द नोलननेही ते मान्य केल्यासारखं आहे. २०१२ च्या ‘द डार्क नाईट राइझेस’मध्ये डेंटबद्दलचं ते खोटं उघडं पडतं आणि शहर त्याची किंमत मोजतं.

डाउनीने ज्याचा उल्लेख केला नाही असा एक धागा मात्र माझ्या वहीत सर्वांत वर लिहिला गेला. बॅटमॅन शहरातल्या प्रत्येक मोबाईल फोनचा गुपचूप कान करतो आणि त्यावरून जोकरला शोधतो. यंत्रं सांभाळणारा लुशियस फॉक्स म्हणतो की इतकी सत्ता एका माणसाकडे असू नये. मी एकदाच मदत करीन, पण हे यंत्र इथे आहे तोवर नोकरीत राहणार नाही. काम झाल्यावर तो आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र स्वतःला नष्ट करतं. २००८ साली आयफोन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि आम्हाला ती कल्पना विज्ञानकथा वाटली. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कागदपत्रं फोडली तेव्हा ती तशी राहिली नाही. मी पुढे कंट्रोल सिस्टिम्स सोडून सॉफ्टवेअरमध्ये आलो. कोणता विदा गोळा करायचा हे जिथे ठरतं अशा बैठकांना मी बसलो आहे. त्या खोलीत फॉक्स होण्याची संधी मला एकदा नव्हे, अनेकदा आली. मी दर वेळी मिनिट्समध्ये एक सौम्य आक्षेप नोंदवून जेवायला गेलो. ज्या सिनेमासाठी मित्राला दुखावलं, त्यातली खरी शिकवण मी एवढीच आचरणात आणली.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २००९ च्या ऑस्करमध्ये ‘द डार्क नाईट’ला आठ नामांकनं होती, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत तो नव्हता. त्यानंतर जूनमध्ये अकादमीने त्या यादीतली संख्या पाचावरून दहावर नेली. सहायक अभिनेत्याचं पारितोषिक लेजरला मरणोत्तर मिळालं. त्या गटात ‘ट्रॉपिक थंडर’साठी हरलेला एक उमेदवार कोण, तर रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. आणि मग पंधरा वर्षांनी, १० मार्च २०२४ ला, त्याच गटाचं पारितोषिक डाउनीला मिळालं ते नोलनच्याच ‘ओपेनहायमर’साठी. त्याआधी नोलनने उघडपणे म्हटलं होतं की टोनी स्टार्कसाठी डाउनीची निवड ही चित्रपटसृष्टीच्या इतिहासातल्या सर्वांत परिणामकारक निवडींपैकी एक. ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या वेळी भूमिका द्यायची नाही हे मनाशी ठरलेलं असूनही नोलन त्याला भेटला होता, केवळ भेटायची इच्छा म्हणून. घराण्यांचा झगडा काय तो आमच्या खोलीत चालला होता.

आपल्या नाट्यसृष्टीला हे नवं नाही. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या मंडळींत चुरस होती, आणि त्यांच्या चाहत्यांत तर विचारूच नका. तरी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे मुंबईत ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. भामिनी एका मंडळीची आणि धैर्यधर दुसऱ्या मंडळीचा. त्याच वर्षी केशवराव वारले. तो एक प्रयोग झाला नसता तर मागे नुसती भांडणं उरली असती.

‘ओपेनहायमर’ मी इथल्या थिएटरात एकट्याने पाहिला. डाउनीने त्यात लुईस स्ट्रॉसचं काम केलं आहे. कथा पुढे-मागे उड्या मारते, काही भाग रंगीत, काही कृष्णधवल. कळायला कॉलेजचं शिक्षण लागावं असा सिनेमा हाच, हा विनोद मनात आला आणि जरा हसूही आलं. पण शेवटी हसू मावळलं. तळ्याकाठी ओपेनहायमर आणि आइन्स्टाइन काहीतरी बोलतात. मग आइन्स्टाइन स्ट्रॉसकडे न बघता निघून जातो. ओपेनहायमरने आपल्याविरुद्ध त्याचे कान भरले असा समज करून स्ट्रॉस वर्षानुवर्षं डूख धरतो आणि एका माणसाला उद्ध्वस्त करतो. अखेर त्याचाच मदतनीस त्याला सुचवतो की कदाचित ते तुमच्याबद्दल बोलतच नसतील. आणि ते खरोखरच त्याच्याबद्दल बोलत नव्हते.

त्या अंधारात मला आमची दोन खोल्यांची जागा आठवली. डाउनी माझ्याबद्दल बोलत नव्हता. नोलनच्या सिनेमाबद्दल बोलत होता, आणि नोलनने ते पचवून त्याला आयुष्यातली सर्वोत्तम भूमिका दिली. सोलापूरकरही माझ्याबद्दल बोलत नव्हता. ‘मलाही कळला नव्हता’ असं म्हणायला त्या काळात, त्या घोळक्यात, धीर लागत होता. तो त्याने दाखवला आणि मी त्याची किंमत त्याच्या इंग्रजीवरून केली.

मार्च २०२४ मध्ये ऑस्करच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. तो आता पुण्यात असतो आणि त्याची मुलगी कॉमिक्स वाचते. मी सोळा वर्षं उशिराने माफी मागितली. तो म्हणाला, “अरे, कसलं काय? मी विसरूनही गेलो होतो.” मग जरा थांबला आणि विचारलं, “पण मला एक सांग. त्या मेजवानीत जोकर वरच राहिला होता ना? त्याचं पुढे काय झालं?”

मी म्हटलं, “ते मलाही कळलेलं नाही.”